बिबट्याची ओळख आणि डीएनए परीक्षण : जुन्नरच्या संदर्भात

माळशेज घाटमाथ्यालगतच्या मढपासून पूर्वेच्या बागायती गावांपर्यंत जुन्नर तालुक्याला बिबट्या नवा नाही. उसाच्या आश्रयाने तो वस्तीलगत स्थिरावला. सन 2001 पासून पकडलेले बिबटे लगतच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या 2011 मधील अभ्यासानुसार त्यानंतर माणसांवरील हल्ले चौपटीहून अधिक वाढले. तेव्हा पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या हाच हल्लेखोर होता काय, हा प्रश्न कळीचा ठरतो. त्याचे उत्तर जखमेवरील लाळेच्या सूक्ष्म अंशात दडलेले असते. हैदराबादच्या सीसीएमबीत लालजी सिंग व त्यांच्या सहकाऱ्याने 2003 मध्ये अशा अंशावरून प्राण्याची प्रजाती ओळखण्याची पद्धती मांडली. सन 2000 मध्ये जपानमध्ये विकसित झालेल्या 'लॅम्प' तंत्राला सुमारे 65 अंशांचे स्थिर तापमान पुरते. साहजिकच प्रजातीची चाचणी घटनास्थळीच, तासाभरात करणे शक्य झाले. पण बिबट्याच आला होता, हे शेतकरी पाऊलखुणांवरूनही सांगतो! कोणता बिबट्या, हे ठरविण्यास अनेक जनुकीय खुणा जुळवाव्या लागतात, आणि लाळ तर जखम धुताच नाहीशी होते. ओळख चुकल्यास निरपराध जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात अडकते, हल्लेखोर मात्र उसातच राहतो.