भारत-संयुक्त अरब अमिराती : शंभर अब्ज डॉलरच्या व्यापाराचा ताळेबंद

नवी दिल्ली : भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील वस्तुव्यापाराने २०२४-२५ या आर्थिक वर्षात १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. दोन्ही देशांनी २०२२ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार केला, तेव्हा हे उद्दिष्ट पाच वर्षांत गाठण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात ते तीन वर्षांतच साध्य झाले. मात्र याच कालावधीत भारताची या देशाबरोबरची व्यापारी तूट सुमारे १७ अब्ज डॉलरवरून २७ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. खनिज तेलाचा एक मोठा निर्यातदार आणि वेगाने वाढणारी एक मोठी अर्थव्यवस्था यांच्या या संबंधांचे मोजमाप करताना हे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

मोत्यांपासून तेलापर्यंत

तेलाचा शोध लागण्यापूर्वीपासून आखाताच्या या किनाऱ्याचे अर्थकारण मुंबईशी बांधलेले होते. आखातात काढलेले मोती विक्रीसाठी मुंबईत येत आणि येथून युरोपच्या बाजारपेठांत जात. परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले आणि जहाजबांधणीसाठी लागणारे सागवान पाठविले जाई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत जपानी संवर्धित मोती बाजारात आले, जागतिक मंदीची त्यात भर पडली आणि आखातातील मोत्यांचा व्यवसाय कोसळला.

या प्रदेशात चलन म्हणून भारतीय रुपयाच वापरला जाई. रुपयांच्या मोबदल्यात सोन्याची तस्करी होऊन भारताच्या परकीय गंगाजळीवर ताण येऊ लागला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये केवळ आखातासाठी स्वतंत्र नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केल्यानंतर तेथील अमिरातींनी रुपया सोडून अन्य चलने स्वीकारली.

अबू धाबीत १९५८ मध्ये तेल सापडले आणि १९६२ मध्ये निर्यातीला प्रारंभ झाला. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली. अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवेन आणि फुजैरा या सहा अमिराती प्रथम एकत्र आल्या. रास अल खैमा १९७२ च्या आरंभी संघात सामील झाली. भारताशी राजनैतिक संबंध त्याच वर्षी प्रस्थापित झाले. देशाच्या तेलसाठ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक साठे एकट्या अबू धाबीकडे आहेत. त्यामुळे दुबईने बंदर, विमानसेवा, पर्यटन आणि फेरनिर्यात यांवर आपली अर्थव्यवस्था उभी केली. हा फरक भारताबरोबरच्या व्यापारातही दिसतो. तेल आणि दीर्घ मुदतीचे भांडवल मुख्यतः अबू धाबीकडून येते, तर सोने, हिरे आणि ग्राहकोपयोगी वस्तूंची उलाढाल दुबईतून होते.

इंदिरा गांधी यांच्या १९८१ मधील दौऱ्यानंतर ३४ वर्षे एकाही भारतीय पंतप्रधानाने अमिरातीला भेट दिली नव्हती. ऑगस्ट २०१५ मध्ये नरेंद्र मोदी यांच्या दौऱ्याने हा खंड संपला. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनाला शेख मोहम्मद बिन झायेद प्रमुख पाहुणे होते. त्याच भेटीत संबंधांना सर्वंकष सामरिक भागीदारीचा दर्जा देण्यात आला.

खरेदीदारापासून भागीदारापर्यंत

भारत आपल्या गरजेपैकी सुमारे ८८ टक्के खनिज तेल आयात करतो. २०२२ नंतर रशियन तेलाचा वाटा झपाट्याने वाढला, तरीही अमिराती भारताच्या प्रमुख पुरवठादारांमध्ये कायम राहिली. किनाऱ्यांतील कमी अंतर, भारतीय तेलशुद्धीकरण कारखान्यांना मानवणाऱ्या प्रतीचे तेल आणि दीर्घकालीन करार ही त्यामागील कारणे आहेत.

गेल्या दशकात या खरेदीला मालकीची जोड मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ओएनजीसी विदेश, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम यांच्या समूहाने अबू धाबीच्या लोअर झाकुम या सागरी तेलक्षेत्रात १० टक्के हिस्सा मिळविला. त्यासाठी ६० कोटी डॉलर मोजण्यात आले असून सवलतीची मुदत ४० वर्षांची आहे. अबू धाबीच्या तेलक्षेत्रात भारतीय कंपन्यांना मिळालेला हा पहिला हिस्सा होता. त्यानंतर २०१९ मध्ये इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम यांच्या संयुक्त कंपनीला तेथील भूपृष्ठावरील एका क्षेत्रात उत्खननाचे हक्क मिळाले.

दुसऱ्या बाजूने, अबू धाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीने, म्हणजेच ‘ॲडनॉक’ने, मंगळूर येथील भूमिगत सामरिक तेलसाठ्यात ५८.६ लाख पिंपे तेल साठविण्याचा करार केला. पहिले जहाज मे २०१८ मध्ये तेथे दाखल झाले. या व्यवस्थेत साठवणुकीच्या जागेचा व्यापारी उपयोग कंपनीला होतो आणि आणीबाणीच्या प्रसंगी तेलावर पहिला हक्क भारताचा राहतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील सामरिक साठ्यांची एकूण क्षमता ५३.३ लाख टन आहे. देशाची गरज पाहता ती मर्यादितच आहे. परकीय उत्पादकाने स्वतःच्या खर्चाने यातील काही भाग भरून ठेवणे भारताच्या दृष्टीने म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

द्रवरूप नैसर्गिक वायूच्या क्षेत्रातही अशीच दीर्घ मुदतीची बांधिलकी दिसते. ‘ॲडनॉक गॅस’कडून २०२६ पासून १४ वर्षे दरवर्षी १२ लाख टनांपर्यंत वायू घेण्याचा करार इंडियन ऑइलने केला आहे. शिवाय हबशान ते फुजैरा ही तेलवाहिनी २०१२ पासून कार्यान्वित असून तिची क्षमता दररोज सुमारे १५ लाख पिंपांची आहे. तिच्यामुळे अमिरातीच्या तेलाचा काही भाग होर्मुझच्या सामुद्रधुनीत न शिरता थेट ओमानच्या आखातात पोहोचतो. पश्चिम आशियातील तणावाच्या काळात खरेदीदारांसाठी हा मार्ग मोलाचा ठरतो.

करारातील तरतुदी

सर्वंकष आर्थिक भागीदारी करारावर १८ फेब्रुवारी २०२२ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. वाटाघाटी अवघ्या ८८ दिवसांत पूर्ण झाल्या होत्या. मूल्याच्या हिशेबाने भारताच्या ९९ टक्के निर्यातीला अमिरातीत सीमाशुल्काची सवलत देण्याचे या करारात ठरले. दागिने, तयार कपडे, चामड्याच्या वस्तू, पादत्राणे आणि अभियांत्रिकी उत्पादने या श्रमप्रधान क्षेत्रांना त्याचा लाभ अपेक्षित होता. अमिरातीत भारतीय दागिन्यांवर पूर्वी ५ टक्के शुल्क लागत असे; ते रद्द झाल्याने मुंबईतील अंधेरीच्या ‘सीप्झ’सारख्या निर्यात केंद्रांना फायदा झाला.

विकसित देशांच्या नियामकांनी मान्यता दिलेल्या भारतीय औषधांना अमिरातीत ९० दिवसांत नोंदणी देण्याची तरतूदही करारात आहे. तिसऱ्या देशाचा माल सवलतीच्या दरात भारतात शिरू नये यासाठी सर्वसाधारणपणे ४० टक्के मूल्यवर्धनाची अट घालण्यात आली. एखाद्या वस्तूची आयात अचानक वाढल्यास संरक्षक उपाय योजण्याची मुभाही दोन्ही देशांना आहे.

आकड्यांचा अर्थ

करारापूर्वीच्या २०२१-२२ या वर्षात भारताची अमिरातीला होणारी निर्यात सुमारे २८ अब्ज डॉलर आणि तेथून होणारी आयात सुमारे ४५ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये निर्यात सुमारे ३६.६ अब्ज डॉलर, तर आयात ६३.४ अब्ज डॉलरवर गेली. म्हणजे व्यापारात पडलेल्या सुमारे २७ अब्ज डॉलरच्या भरीपैकी जवळपास दोन-तृतीयांश भर आयातीची आहे.

केवळ तूट आहे म्हणून व्यापार तोट्याचा ठरत नाही. भारत आयात केलेल्या कच्च्या तेलावर प्रक्रिया करून त्यापासून बनलेले पदार्थ निर्यात करतो आणि त्यांतील काही अमिरातीलाच जातात. स्मार्टफोनसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची निर्यातही वाढली आहे. तथापि, एकूण व्यापारात तेल, सोने, हिरे आणि दागिने यांचे वजन मोठे असल्याने त्यांच्या किमतींतील चढउतार हे प्रगतीचे किंवा पीछेहाटीचे चित्र सहज बदलू शकतात.

सोन्या-चांदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. करारानुसार पहिल्या वर्षी १२० टन आणि पाचव्या वर्षापर्यंत २०० टन सोन्याच्या आयातीवर सर्वसाधारण दरापेक्षा एक टक्का कमी शुल्क आकारण्याचे ठरले. चांदीवरील शुल्क दहा वर्षांत शून्यावर आणण्याची तरतूद आहे. अमिराती मौल्यवान धातूंच्या खाणींसाठी नव्हे, तर शुद्धीकरण आणि फेरविक्रीसाठी ओळखली जाते. त्यामुळे सवलतीचा लाभ नेमका कोणाला मिळतो, असा प्रश्न व्यापार अभ्यासकांनी उपस्थित केला. भारतात सोन्यावर १५ टक्के शुल्क असताना प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नावाखाली सोने आणण्याचे प्रकारही चर्चेत आले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क ६ टक्क्यांवर आणल्याने या पळवाटेचे आकर्षण कमी झाले आणि पुढे मिश्रधातूंच्या आयातीचे नियमही कडक करण्यात आले.

पुन्हा रुपया

डॉलरवरील अवलंबन कमी करण्यासाठी १५ जुलै २०२३ रोजी रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांनी स्थानिक चलनांत व्यवहार करण्याचा सामंजस्य करार केला. त्यानंतर महिन्याभरातच इंडियन ऑइलने ‘ॲडनॉक’कडून घेतलेल्या दहा लाख पिंपे तेलाचे मूल्य रुपयांत चुकते केले. मात्र भारताची तूट मोठी असल्याने अमिरातीतील विक्रेत्यांकडे साचणारे रुपये कोठे वापरायचे, ही या व्यवस्थेची मूळ मर्यादा आहे. भारताची निर्यात वाढणे किंवा तो पैसा भारतातच गुंतविला जाणे, हे तिचे दोन मार्ग आहेत.

गुंतवणूक आणि तिच्या मर्यादा

२०१५ मध्ये दोन्ही देशांनी पायाभूत सुविधांसाठी ७५ अब्ज डॉलरच्या गुंतवणूक निधीचे लक्ष्य जाहीर केले होते. त्या तुलनेत एप्रिल २००० पासून अमिरातीतून भारतात आलेली थेट परकीय गुंतवणूक २० अब्ज डॉलरच्या थोडी पुढे आहे. गुंतवणूकदारांना अधिक हमी देण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा द्विपक्षीय गुंतवणूक करार झाला आणि ३१ ऑगस्ट २०२४ पासून तो लागू झाला. आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्यापूर्वी देशांतर्गत न्यायव्यवस्थेत दाद मागण्याची मुदत भारताने या करारात पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणली.

बंदरांच्या क्षेत्रातील गुंतवणूक प्रत्यक्षात दिसते. न्हावा शेवा येथील देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल दुबईच्या ‘डीपी वर्ल्ड’कडे आहे. मुंद्रा, कोची आणि चेन्नई येथेही ही कंपनी कार्यरत आहे. दुबईच्या जेबेल अली मुक्त क्षेत्रात भारतीय लघु व मध्यम उद्योगांसाठी ‘भारत मार्ट’ उभारण्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. आफ्रिका आणि पश्चिम आशियातील खरेदीदारांपर्यंत थेट पोहोचणे हा त्यामागील हेतू आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील प्रकल्पाचा अनुभव वेगळा आहे. राजापूर तालुक्यातील नाणार येथे वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प उभारण्याचे ठरले होते. त्यातील निम्मी भागीदारी सौदी अरामको आणि ‘ॲडनॉक’ यांची होती. आंबा बागा, मासेमारी आणि पर्यावरण यांच्या काळजीपोटी स्थानिकांनी तीव्र विरोध केला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने तेथील भूसंपादन रद्द केले. पुढे बारसू-सोलगावचा पर्याय पुढे आला. तेथे २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी पुन्हा आंदोलन झाले. राजधानीत सही झालेल्या कराराला जमिनीवर लोकमान्यता मिळाली नाही तर मोठे भांडवलही पुढे सरकत नाही, हे या प्रकल्पाने दाखविले.

कांदा आणि कामगार

अन्नसुरक्षा ही या संबंधांची दुसरी बाजू आहे. अमिराती आपल्या अन्नापैकी बहुतांश भाग आयात करते आणि भारतीय तांदूळ, मांस, फळे व कांद्याला तेथे कायम मागणी असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी भारताने कांदा निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील उत्पादकांनी हक्काची बाजारपेठ गमावली. बंदी कायम असतानाच मार्च २०२४ मध्ये सहकारी निर्यात संस्थेमार्फत अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठविण्यास केंद्राने परवानगी दिली. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, परंतु निर्यातशुल्क पूर्णपणे हटण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. तेलाच्या बाबतीत भारत पुरवठादाराकडून सातत्याची अपेक्षा करतो. कांद्याच्या बाबतीत तीच अपेक्षा आखाती खरेदीदार भारताकडून करतात.

अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि तेथील लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात पाठविल्या जाणाऱ्या रकमांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, तर अमिरातीचा १९.२ टक्के होता. अशा रकमा मिळणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के आणि केरळचा १९.७ टक्के होता. वस्तुव्यापाराच्या तुटीत हा पैसा धरला जात नाही, परंतु देशाच्या परकीय चलनाच्या हिशेबात तो मोठा आधार ठरतो.

पुढील कसोटी

अमिरातीच्या सकल उत्पन्नात तेलाव्यतिरिक्त क्षेत्रांचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांशावर गेला आहे आणि तेलोत्तर काळाची तयारी तेथे जोमाने चालू आहे. भारताला अजून काही दशके तेल लागणार आहे. एकाला तेलाबाहेरची बाजारपेठ हवी आणि दुसऱ्याला तेलासह भांडवल व रोजगार हवा, अशी ही परस्पर गरज आहे. २०३० पर्यंत तेलाव्यतिरिक्त व्यापार १०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट दोन्ही देशांनी ठेवले आहे. त्यात मौल्यवान धातूंच्या फेरविक्रीचा वाटा किती आणि भारतीय कारखान्यांत व शेतांत तयार झालेल्या मालाचा वाटा किती, यावरूनच या भागीदारीचे भारताला मिळालेले फळ मोजता येईल.