दुरुस्तीवाल्याचा रेडिओ

मशीनचा आवाज जरा बदलला, की मुरलेला फिटर हातातला चहा खाली ठेवतो. संगणक खोलीभर पसरलेले असत त्या काळात त्यांची निगा राखणारे इंजिनिअरही असेच कानाचे पक्के असत. आइसलँडमधले योहान गुन्नारसन त्यांपैकीच एक. आयबीएम १४०१ या संगणकाच्या देखभालीचे ते तिथले प्रमुख इंजिनिअर होते.

१९५९ मध्ये जाहीर झालेला हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक दहा हजारांहून जास्त ठिकाणी पोचला. मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे तो १९६१ मध्येच आला होता. बहुतेक गिऱ्हाइकं तो विकत न घेता भाड्याने घेत; भाडं महिन्याला अडीच हजार डॉलरपासून पुढे. साहजिकच मशीन चालू ठेवण्याची जबाबदारी आयबीएमची, म्हणजे प्रत्यक्षात कंपनीने गिऱ्हाइकाच्या दारी धाडलेल्या इंजिनिअरची. आणि हे काम नुसत्या विजेच्या जाणकाराचं नव्हतं. कार्ड वाचणारं यंत्र मिनिटाला ८०० कार्डं ओढायचं, प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. अक्षरांची साखळी गरगर फिरते आहे आणि हातोड्या नेमक्या क्षणी कागदावर आपटताहेत, असा सगळा मामला. सर्किट वाचता येणाऱ्या माणसाला तेलाने हात काळे करायचीही तयारी ठेवावी लागे.

आइसलँडमध्ये हे मशीन १९६४ साली आलं. देशातल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी एक. त्याची स्मृती म्हणजे फेराइटच्या बारीक कड्यांची जाळी. त्यांतून वीज खेळू लागली की आसपास विद्युतचुंबकीय लहरी पसरत. एएम रेडिओ जवळ ठेवला तर त्या गुणगुणल्यासारख्या ऐकू येत. दुसरा कुणी हा खरखराट म्हणून सोडून देता. गुन्नारसन यांनी असा प्रोग्रॅम लिहिला, की स्मृतीच्या चालण्यातून उठणाऱ्या लहरींचेच सूर व्हावेत. मशीनला स्पीकर नव्हता. गात होता तो शेजारचा रेडिओ.

हा रिकामपणचा उद्योग म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. स्मृतीच्या कुठल्या हालचालीतून कुठला आवाज निघतो हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिच्याकडून गाणं म्हणवून घेता येतं.

१९७१ मध्ये मशीन सेवेतून निवृत्त झालं. त्याला रीतसर निरोप दिला गेला, आणि त्या वेळी त्याचे सूर शेवटचे वाजले. टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं संगीत मग माळ्यावर पडून राहिलं.

गुन्नारसन यांचा मुलगा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढे तो संगीतकार झाला: योहान योहानसन, चित्रपटसंगीतासाठी दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालेला. वडिलांच्या टेप हाती लागल्यावर त्याने त्यांवरून आधी एका नृत्यप्रयोगासाठी संगीत रचलं आणि मग साठ तंतुवादकांच्या वाद्यवृंदासह २००६ मध्ये पूर्ण अल्बम काढला. त्यात वडिलांच्या मशीनचे सूर आहेतच, शिवाय देखभालीच्या सूचना सपाट आवाजात वाचणारी एक जुनी ध्वनिफीतही आहे. अल्बमच्या पहिल्या चार भागांची नावं अशी: प्रोसेसिंग युनिट, प्रिंटर, कार्ड रीड-पंच, मॅग्नेटिक टेप युनिट.