गाविलगड आणि उत्तरेकडचा उंचवटा

मागच्या वेळी आपण 29 नोव्हेंबर 1803 च्या आडगावच्या लढाईपाशी थांबलो होतो. अकोल्याकडच्या त्या मैदानात भोसल्यांचं सैन्य मोडलं आणि त्यातले पुष्कळ लोक गाविलगडावर आले. आज आपण त्या गडाकडे जाऊ; पण दरवाज्यातून नाही, समोरच्या उंचवट्यावरून.

शहर असो की किल्ला, त्याच्यावर नजर ठेवणारी टेकडी लहान असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नसते. मुंबईची डोंगरी घ्या. 1689 मध्ये सिद्दी याकूतखानाने तिच्यावरूनच इंग्रजांच्या कोटावर तोफा डागल्या. इंग्रज शहाणे झाले आणि पुढच्या शतकात त्यांनी ती टेकडीच छाटून खाली आणली.

गाविलगडाच्या उत्तरेला असं काही छाटणं शक्य नव्हतं. परतवाड्याकडून पाहिलं तर गड आभाळाला टेकलेला दिसतो, सरळ कडाच. पण आज चिखलदऱ्याहून गडावर जाताना आपण फारसं चढतच नाही! जवळजवळ त्याच उंचीचं पठार, मग एक चिंचोळी पट्टी, की आलाच गड. वेलस्लीच्या कागदांत या बाजूच्या गावाचं नाव 'लबाडा' असं येतं.

तिथे तोफा न्यायच्या कशा, हा खरा प्रश्न होता. 7 डिसेंबरला कर्नल स्टीव्हन्सन निघाला. अंतर सुमारे 30 मैल, मध्ये मेळघाटातल्या दऱ्या, आणि रस्ता नाहीच. शिपायांनी आधी रस्ता केला, मग जड तोफा हातांनी ओढल्या. हे शिपाई बहुतेक मद्रासी पलटणींचे, म्हणजे याच देशातले. इतिहासात नाव मात्र वेलस्लीचं राहिलं. तो स्वतः दक्षिणेला होता आणि तिकडच्या तोफांचा फारसा उपयोग झाला नाही.

12 तारखेला स्टीव्हन्सन पोचला. 14 च्या रात्रीपर्यंत उत्तरेच्या तटाला भगदाड पडलं होतं. 15 ला हल्ला झाला. आतला कोट अजून शाबूत होता, पण कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

किल्ला पडला की आपल्याला आधी फितूर शोधायची सवय आहे. आम्हाला वाटतं, इथे ते सहा दिवस मोजावेत. वाट अशक्य आहे, या भरवशावर गड उभा होता. सहा दिवसांत ती वाट तयार झाली.

17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटकचा किनारा कंपनीकडे गेला, म्हणजे बंगाल आणि मद्रास जोडले गेले. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला मिळालं. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांना परत दिले, सोबत पायथ्याचा 4 लाख उत्पन्नाचा मुलूख. त्यापलीकडे गडावरून जे काळं रान दिसतं, ते आता दुसऱ्याचं होतं.