दस्तुरी नाक्याच्या पुढे

परवा नातीच्या शाळेचा प्रकल्प चालला होता. विषय होता, प्रदूषण न करता प्रवास कसा करावा. तिने सायकल, मेट्रो, चालणे वगैरे लिहून काढलं आणि मला विचारलं, "आजी, जिथे गाड्याच नाहीत असं गाव असतं का गं?" म्हटलं, असतं की! आपल्या बदलापूरपासून कर्जत लोकलने अर्ध्या तासात नेरळ, आणि तिथून वर माथेरान.

मी तिला माथेरानचं सगळं कौतुक सांगितलं. सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला तेव्हाही मुलांना तेच सांगत आले. पण सांगताना एक गोष्ट नेहमी गाळली. ती आज इथे लिहिते.

आधी थोडा इतिहास. (मास्तरीण आहे, सवय जात नाही!) १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून डोंगर चढून वर गेला आणि माथेरानचा 'शोध' लागला, असं पुस्तकात असतं. शोध कसला? धनगर, ठाकर, कातकरी तिथे आधीपासून वावरत होतेच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने तिथे लक्ष घातलं, बंगले उभे राहिले आणि मुंबईच्या साहेबांची व शेठ लोकांची उन्हाळी वर्दळ सुरू झाली. ही माणसं नेरळहून वर जायची ती तट्टावर बसून, नाहीतर पालखीत. पालखी काही आपोआप चालत नाही, ती कुणाच्या तरी खांद्यावर असते.

मग आली ती झुकझुकगाडी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. घरचा पैसा घातला, १६ लाख रुपये! काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. दोन फुटी रूळ, सुमारे २० किलोमीटरचा रस्ता, काही ठिकाणी २० फुटांना १ फूट चढ. वळणं इतकी की पुढचं इंजिन मागच्या डब्यातून दिसतं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनांची नावं आमच्या मुलांना तोंडपाठ असायची. १९७६ मध्ये मी पहिली सहल नेली तेव्हा कोळशाचं इंजिन होतं. डोळ्यांत कोळशाचे कण जाऊन निम्मा वर्ग रडत वर पोचला होता.

या गाडीनेही कमी सोसलं नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती पुन्हा धावली २००७ मध्ये, शंभरी भरली तेव्हा. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू, २०१९ च्या पावसात परत बंद, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू. आमच्या शेजारचे आजोबा म्हणायचे, ती गाडी म्हणजे माहेरवाशीण आहे, येईल तेव्हा खरी.

मोटार मात्र दस्तुरी नाक्याच्या पुढे जाऊ द्यायची नाही, हा नियम टिकला. रुग्णवाहिका सोडली तर वर इंजिनाचा आवाज नाही. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरहून अधिक भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि नियमाला कायद्याचं बळ आलं. झाडं राहिली, लाल माती राहिली, शांतता राहिली. हे सगळं खरंच मोलाचं आहे, यात मला जराही शंका नाही.

आता ती गाळलेली गोष्ट.

१९९३ चा मे महिना. सासूबाईंना माथेरान बघायचं होतं, गुडघे मात्र कामातून गेलेले. नेरळहून टॅक्सी केली आणि दस्तुरीला उतरलो. पुढे बाजारापर्यंत दोन-अडीच किलोमीटर. घोड्यावर बसायला त्या तयार होईनात. ह्यांनी हातरिक्षा ठरवली. पुढे एक माणूस ओढणारा, मागून दोघे ढकलणारे. आम्ही दोघं बाजूने चालत होतो. मी मोठ्या हौसेने सासूबाईंना सांगत होते, "बघा आई, इथे धूर नाही की हॉर्न नाही."

चढ लागला तशी रिक्षा हळू झाली. दगडांवर चाक अडे, मग "हां, हां" करून तिघे जोर लावत. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "थांबवा हो. मला उतरायचंय." आम्हाला वाटलं गुडघा दुखला. त्या म्हणाल्या, "त्याच्या छातीचा भाता इथवर ऐकू येतोय मला. मी नाही बसायची."

पुढचा माणूस एकदम घाबरला. त्याला वाटलं पैसे बुडणार! तो हात जोडून म्हणाला, "आज्जी, बसा ना, आम्हाला रोजचंच हाय." ह्यांनी पूर्ण पैसे आधीच हातावर ठेवले. तेव्हा कुठे त्याने त्यांना उतरू दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, दर पंधरा-वीस पावलांवर बसत, सासूबाई चालत गेल्या. तासाहून जास्त लागला. रिकामी रिक्षा आमच्या मागून येत होती, 'मध्येच थकल्या तर' म्हणून. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही.

त्यानंतरही मी मुलांना प्रदूषणमुक्त माथेरानचा धडा देत राहिले, आणि धूर नाही म्हणून जे वाचलं त्याची किंमत कोण देत होतं ते सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायला हवं होतं.

परवाने असलेल्या ९४ हातरिक्षा होत्या तिथे. ओढणाऱ्यांनीच बॅटरीवरच्या रिक्षा मागितल्या आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांचंही पोट त्याच रस्त्यावर आहे, त्यांना दोष देववत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी प्रयोग म्हणून सुरू झाल्या. पुढे कोर्टाने २० ची मर्यादा घातली आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्या म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढणं अमानुष ठरवलं आणि ते सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं. ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचीही जबाबदारी सरकारवर टाकली.

मी त्या प्रयोगाच्या वेळी, जानेवारी २०२३ मध्ये, मुलीबरोबर जाऊन आले. आता गुडघे माझे गेलेले! ई-रिक्षाचा चालक पन्नाशीचा. मी विचारलं, आधी काय करायचात? "ओढायचो की, बाई." मग म्हणाला, रात्री पाय चोळून घ्यावे लागायचे, आता लागत नाहीत. मागच्या सीटवर दप्तरं घेतलेली दोन शाळकरी मुलं होती. पूर्वी ती एवढं अंतर चालत जायची. या खेपेला मी चालकाचं नाव विचारून घेतलं. इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही.

नातीला हे सगळं सांगितलं. तिने वहीत 'हातरिक्षा' लिहिलं, आणि त्यापुढे प्रदूषण: नाही, असं लिहून थांबली. मग पेन्सिलीचं टोक चावत म्हणाली, "आजी, आपल्या बॅगा कोणी नेल्या?"

बॅगा एका बाईंनी डोक्यावरून नेल्या होत्या. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असतील.