पुंजयामिकीच्या आकलनातील गणित

अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण अशा सूक्ष्म वस्तूंच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्स) गणित हे केवळ आकडेमोडीचे साधन नसून संकल्पना मांडण्याची भाषा आहे. अभिजात भौतिकीत ग्रहाची गती आधी डोळ्यांसमोर आणता येते व समीकरण नंतर येते. येथे हा क्रम बहुधा उलटा असतो.

इतिहास

जून १९२५ मध्ये हेलिगोलँड बेटावर असताना वेर्नर हायझेनबर्ग यांना आपल्या मांडणीतील राशींचा गुणाकार क्रम बदलल्यास बदलतो असे आढळले. या राशी म्हणजे आव्यूह (मॅट्रिक्स) होत, हे माक्स बोर्न यांनी ओळखले. हायझेनबर्ग यांना तोवर आव्यूहांचे गणित ठाऊक नव्हते; बोर्न मात्र ते विद्यार्थिदशेत ब्रेस्लाउ येथे शिकले होते. स्थान व संवेग यांचा यातून निघालेला क्रमविनिमय-संबंध बोर्न यांच्या गटिंगेन येथील समाधिशिलेवर कोरलेला आहे. १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी तरंग समीकरण मांडले आणि दोन्ही मांडण्या समतुल्य असल्याचेही त्याच वर्षी दाखवले.

संभाव्यता आयाम

दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन पडद्यावरील एखाद्या बिंदूवर पोहोचण्याच्या प्रत्येक मार्गाला एक संमिश्र संख्या, म्हणजे आयाम, दिला जातो. प्रथम आयामांची बेरीज करून मग तिच्या परिमाणाचा वर्ग घेतल्यास संभाव्यता मिळते. एका फटीचा आयाम ०.१ व दुसरीचा −०.१ असेल, तर एकच फट उघडी असताना संभाव्यता ०.०१ येते, दोन्ही उघडल्यास ती शून्य होते. वाट वाढवल्याने पोहोचणेच थांबावे, ही गोष्ट संभाव्यतांच्या साध्या बेरजेतून कधीच निघत नाही. ‘इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असतो’ हे लोकप्रिय वाक्य या बेरजेचे ढोबळ भाषांतर असून त्यातून उणे चिन्ह, म्हणजे नेमका गाभाच, गळून पडतो.

अनिश्चिततेचे तत्त्व

मोजमापाने कणाला धक्का बसतो म्हणून अनिश्चितता येते, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी स्वतःही गॅमा किरणांच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण वापरले होते. तथापि स्थान व संवेग यांच्या प्रमाण विचलनांचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाला ४π ने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असू शकत नाही, हा निष्कर्ष वरील क्रमविनिमय-संबंधातूनच निघतो; त्यासाठी धक्क्याची कल्पना लागत नाही.

अध्यापन

सदिश, आव्यूह, संमिश्र संख्या व संभाव्यता एवढ्या तयारीवर दोनच अवस्था असलेल्या प्रणालींचा, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचा, अभ्यास सुरू करता येतो. हायड्रोजन अणूसाठी मात्र आंशिक विकलक समीकरणे आवश्यक ठरतात.