बाभळगावच्या वाटेवर

15 ऑगस्ट 2012. झेंडावंदन आटोपून तुम्ही लातूरहून बाभळगावच्या रस्त्याला लागला आहात. गाड्या कधीच अडकल्यात, तेव्हा पायीच चला. पावसानं यंदा मराठवाड्याकडे पाठ फिरवलीय, रानं सुकलीत. तरी माणसांचा लोंढा थांबत नाही. काल चेन्नईत विलासराव देशमुख गेले. आज त्यांना गावी आणलंय.

याच वाटेनं मागे, 1974 मध्ये चला. पुण्यात वकिली शिकून आलेला, तिशीही न गाठलेला तरुण बाभळगावचा सरपंच झालाय.

आता 1980. लातूरमधून काँग्रेसचे विलासराव आणि शेजारच्या रेणापुरातून भाजपचे गोपीनाथ मुंडे, दोघेही पहिल्यांदाच विधानसभेत पोचलेत. सभागृहात एकमेकांना धारेवर धरायचं आणि बाहेर आले की गप्पांचा फड जमवायचा. या मैत्रीला पक्ष कधी आडवा आला नाही.

1986 मध्ये या. नांदेडचे शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री आहेत. करड्या शिस्तीमुळे लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणतात. त्यांच्या हाताखाली विलासराव मंत्री म्हणून घडताहेत. पुढे विलासरावांच्या मंत्रिमंडळात शंकररावांचे चिरंजीव अशोकराव बसतील. नांदेड आणि लातूरची चढाओढ जुनीच, पण देणंघेणंही तितकंच जुनं.

1995 मध्ये मात्र मन घट्ट करा. लातूरनं आपल्याच माणसाला सुमारे 35 हजार मतांनी पाडलंय. पुढच्या वर्षी विधान परिषदेत तर अर्ध्या मतानं हार. दुसरा कुणी मतदारांवर रुसला असता. विलासराव पुन्हा त्याच लोकांत गेले. 1999 मध्ये त्याच लातूरनं सुमारे 91 हजारांचं मताधिक्य दिलं आणि ऑक्टोबरात ते मुख्यमंत्री झाले.

परत 2012 मध्ये या. सकाळी लाल किल्ल्यावर भाषण केलेले पंतप्रधान मनमोहन सिंग बाभळगावात आलेत, सोनिया गांधी आल्यात. पण तुम्ही बघा तो शेजारचा म्हातारा, टोपी हातात घेऊन उभा असलेला. त्याला इथं कुणी बोलावलेलं नाही.

पदं येतात, जातात. हरल्यावर लोकांवर राग न धरणारा आणि विरोधकाशी घरोबा जपणारा पुढारी मराठवाड्यानं पाहिलाय. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आला, की त्याला याच मापानं मोजा.