पंचेचाळीस डॉलरचं हसू

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण दिवसभर पाठवतो ना, त्या पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचं गाव अमेरिकेतलं वूस्टर. कारखान्यांचं शहर. १९६३ साली तिथल्या विमा कंपनीत विलीनीकरणानंतर कर्मचारी नाराज होते. साहेबांचा उपाय काय, तर हसरे बिल्ले! हार्वे बॉल या स्थानिक जाहिरात-चित्रकाराने दहाएक मिनिटांत चेहरा काढला, मिळाले ४५ डॉलर. हक्क त्यानेही नोंदवले नाहीत, कंपनीनेही नाहीत. बिल्ले पुढे कोट्यवधींनी खपले. सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानीने हसऱ्या चेहऱ्याचा ट्रेडमार्क घेतला आणि मोठा धंदा उभारला. हा गडी पत्रकार, म्हणजे आमच्याच जातकुळीतला! बॉलला पैशाची खंत नव्हती. हसू बाजारू झालं, हे मात्र खुपायचं. म्हणून १९९९पासून त्याने ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार 'जागतिक स्मित दिन' केला. २००१ मध्ये तो वूस्टरमध्येच वारला.